अनेसिफराने केलेली विचारपूस

शास्त्रपाठ : 2 तीमथ्य 1:15-18



जालना-परभणीकडून रात्री गाडीत बसलेली आपली मुले सकाळी हैदराबादेत उतरतात. ते शहर आपल्याला परके नाही. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आजोबांच्या अपिलाचे कागद तिथेच जात. तिथे 1907 पासूनची विवेक वर्धिनी आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पण अमीरपेटच्या वसतिगृहात चौघांच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला त्याचे काय? रविवारी तो मंदिरात जातो, तर उपासना तेलुगूत. गीताची चाल ओळखीची, शब्द अनोळखी. आशीर्वाद होतो, तो दाराशी काढलेल्या चपला पायात घालतो आणि निघतो.

आमच्या मंडळीचा असाच एक मुलगा सुटीत भेटला. तीन महिने तो एकाच मंदिरात जात होता. "पाळकसाहेब, कोणी वाईट बोलले नाही," तो म्हणाला, "कोणी बोललेच नाही."

त्या मंडळीला नावे ठेवणे माझ्या अगदी ओठांवर आले होते. मग आठवले, त्याला निरोप देताना आम्ही हार घातला, प्रार्थना केली, फोटो काढला. तिथल्या पाळकांना दोन ओळींचे पत्र मात्र मी लिहिले नव्हते.

पौलही मोठ्या शहरात असाच एकटा पडला होता, तोही बेड्यांत. आशियातल्या लोकांनी पाठ फिरवली होती. अशा वेळी अनेसिफर रोमला आला. तिथली वस्ती त्या काळी दहा लाखांच्या आसपास असावी असे अभ्यासक मानतात. घरांना नंबर नव्हते. शिवाय कैद्याची चौकशी करायची म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घ्यायचा. तरी तो विचारीत फिरला. किती दारांवरून परतला असेल, शास्त्र सांगत नाही. भेटल्यावर त्याने कोणता उपदेश केला तेही सांगत नाही. बहुधा केलाच नसेल. (आम्हा पाळकांना हे जरा जड जाते.) त्याच्या येण्याने पौलाला पुन्हापुन्हा हुरूप आला, एवढे मात्र नमूद आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, तुमच्या जुन्या हजेरीपटातली किती मुले आज हैदराबादेत, पुण्यात आहेत? त्यांचा पत्ता कोणाजवळ आहे?

मी उशिरा का होईना, पत्र लिहिले. पुढल्या रविवारी उपासना सुटताना एक वयस्कर तेलुगू गृहस्थ चिठ्ठी हातात धरून दाराशी उभे राहिले आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तरुणाला दखनीत विचारू लागले, "जालने से आए सो बच्चा कौन?"