जड जिभेचा मोशे
(निर्गम ४:१०-१६)

जूनमध्ये गोरव्यातील शाळा उघडतात. सावकाश शिकणाऱ्या लेकराच्या आईला मात्र त्या घंटेची धास्ती वाटते. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला २०१६ च्या कायद्याने जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. कायद्याने दार उघडले; हात धरून आत कोण नेणार?

मोशेची जीभ जड होती. देवाने त्याला बाजूस सारले नाही, अहरोन सोबतीला दिला. आम्ही मात्र शब्बाथशाळेत अशाच एका लेकराला मागे बसवले. गप्प राहिला की आम्हांला पुरे असे. प्रभू आम्हांस क्षमा करो.

यंदा शाळेपूर्वीच त्याला वर्ग दाखवू, बाईंची ओळख करून देऊ, पहिला आठवडा बरोबर चालू. त्याचा अहरोन कोण होईल? आमेन.