गुडघे वाकवून उतर

पाऊस येणार हे गडमुडशिंगीत माझ्या उजव्या गुडघ्याला सगळ्यांच्या आधी कळतं. आठवीत लांब उडीच्या तासाला सर एवढंच सांगायचे, "जोरात पळ, लांब पड." उतरताना गुडघे वाकवायचे असतात, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. माणूस मायाळू होता. मी पडून गुडघा दुखावला तेव्हा त्यांनीच उचलून घरी आणलं.

मग त्यांच्या या अज्ञानाला हिंसा म्हणायचं का? आमच्या भागात जैन शेजार मोठा. त्यांचं तत्त्वार्थसूत्र हिंसेचं मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात बघतं. मला ते पटतं. पोरांची शरीरं हाती घ्यायची आणि शरीराचं शास्त्र शिकायचं नाही, हा प्रमादच. माया त्याची भरपाई करत नाही.

जाणता शिक्षक मिळाला की काय होतं ते बघा. पैलवान खाशाबा जाधव लाल मातीत घडले. १९४८ ला लंडन ऑलिंपिकच्या वेळी मॅट आणि तिथले नियम त्यांना नवे होते. रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने त्यांना शिकवलं. ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक. अंगातली रग आधीचीच होती, जाणत्या माणसाने तिला वाट दाखवली.

मैदानावर पोरं उड्या मारताना दिसली की मी अजून कुंपणाशी थांबतो. "गुडघे वाकव रे बाळा!" एवढंच ओरडतो. परवा एक पोरगं वळून हसलं, पुन्हा पळत आलं आणि वाळूत अलगद उतरलं.