गंध, घाण आणि न्याय

मालवणच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीचा वास आला म्हणजे एकाच वाटेनें जाणाऱ्या दोघांपैकीं एकाच्या तोंडाला पाणी सुटतें आणि दुसरा नाकाला रुमाल लावतो. वारा एकच, मासळी एकच. मग खरा वास कोणता? हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं.

आपल्या नैयायिकांनीं गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आणि त्याचे सुरभि व असुरभि असे दोन भेद केले. म्हणजे सुगंध अगर दुर्गंध वस्तूंतच वसतो. नाक त्याची केवळ वार्ता आणतें. लोकभाषा याच्याही पुढें गेली. संस्कृत 'घ्राण' म्हणजे वास घेणें किंवा नाक. त्यापासून झालेला मराठी 'घाण' हा शब्द मात्र दुर्गंध आणि मळ या दोहोंनाही लागू पडतो. जें नाकाला नकोसें तें अस्वच्छ, आणि त्याच्या सहवासांत राहणारा मनुष्यही अस्वच्छ, असा निवाडा शब्दाच्या पोटांतच दडलेला आहे.

आधुनिक शास्त्रानें या निवाड्याचा पाया खिळखिळा केला. १९९१ सालीं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनीं नाकांतील गंधग्राहक प्रथिनें घडविणाऱ्या जनुकांचें मोठें कुळ शोधून काढलें. २००४ सालीं या कार्याबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. माणसांत अशीं सुमारें चारशें जनुकें कार्यक्षम असतात आणि त्यांचीं रूपें व्यक्तिपरत्वें भिन्न असतात. मासळीचेंच उदाहरण घ्या. समुद्रांतील मासा मेल्यावर जंतूंच्या क्रियेनें त्याच्या शरीरांत ट्रायमिथिलअमाईन नांवाचें द्रव्य तयार होतें. त्याचाच हा वास. मालवणी गृहिणी कालवणांत आमसुलें घालते, तेव्हां त्यांतील आम्ल या द्रव्याला बांधून ठेवतें आणि वास मंदावतो. तें द्रव्य टिपणारा नाकांतील ग्राहक टीएएआर-५ या जनुकापासून होतो. आइसलँडमधील हजारों माणसांची परीक्षा घेऊन २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, या जनुकाचें एक विरळ रूप ज्यांच्या ठायीं आहे, त्यांना हा वास कमी तीव्र आणि कमी अप्रिय वाटतो.

यावरून मालवणकराच्या नाकांत कांहीं निराळें जनुक असतें, असें मात्र कोणीं समजूं नये. बहुतेकांच्या आवडीचें मूळ लहानपणच्या ताटांत असतें. पण जनुक काय आणि ताट काय, दोन्हींपैकीं एकही आपण निवडून घेतलेलें नसतें.

येथें कोणी म्हणेल, "किळस तरी कोणाच्या हातांत आहे? ज्याला वास सोसत नाहीं, त्यानें काय करावें?" आक्षेप रास्त आहे. अमका वास आवडलाच पाहिजे अशी सक्ती कोणावरही करतां येणार नाहीं. शिवाय नासलेलें अन्न ओळखून आपणांस सावध करणें हें तर नाकाचें निसर्गदत्त कर्तव्यच आहे. तथापि 'मला हा वास सोसवत नाहीं' आणि 'हीं माणसें घाणेरडीं आहेत' या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिलें वाक्य ही स्वतःच्या नाकाविषयींची साक्ष आहे. दुसरें हा परक्याच्या शीलावरील आरोप आहे. साक्षीदारानेंच न्यायासनावर चढून बसावें, हा अन्याय होय. मुंबईसारख्या शहरांत मासे खाणाऱ्या कुटुंबाला बिऱ्हाड नाकारलें जातें, किंवा शाळेंत एखाद्यानें डबा उघडतांच शेजारचीं मुलें सरकून बसतात, तेव्हां हेंच घडतें. त्या पोराला आपल्या आईच्या हातच्या अन्नाची लाज वाटूं लागते. केवळ नाकाच्या साक्षीवर दिलेली ही शिक्षा लहान नव्हे.

मत्स्याहारी मनुष्य या दोषापासून मुक्त आहे असेंही नाहीं. सुक्या बांगड्यावर जीव टाकणारा मालवणकरही परक्या स्वयंपाकघरांतील अनोळखी वासाला नाक मुरडतांना क्षणभर थांबत नाहीं.

नाक मुरडणें हें देहाचें काम आहे. त्यानंतर दार उघडें ठेवावयाचें कीं लावावयाचें, हें ठरविणें मनाचें. जनुकांचा अभ्यास कितीही पुढें गेला, तरी या दुसऱ्या कामाची जबाबदारी त्यांच्यावर ढकलतां यावयाची नाहीं.