कोनाड्यांतील औषध



योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत आपण वाचतों कीं, पांच हजार लोक तृप्त झाल्यावर प्रभूनें शिष्यांकडून उरलेलें अन्न गोळा करविलें, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातीं भाकर वाढविण्याचें सामर्थ्य होतें, त्यानें उरलेला तुकडाहि वायां जाऊं दिला नाहीं.

आतां आपल्या कोनाड्याकडे पाहूं. रिसोडापासून मानोऱ्यापर्यंत आपल्या वाशीम जिल्ह्यांत अशीं घरें पुष्कळ, जेथें बऱ्या झालेल्या किंवा निवर्तलेल्या माणसाच्या गोळ्या पडून आहेत. आणि त्याच गल्लींत एखादी विधवा रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेते. कां, तर पुरली पाहिजे!

सन 2021 च्या मे महिन्यांत, कोविडची दुसरी लाट भरांत असतां, मुंबईच्या डॉक्टर मार्कस रॅनी व डॉक्टर रैना या दांपत्यानें बऱ्या झालेल्यांच्या घरचीं उरलेलीं औषधें खेड्यांतील आरोग्य केंद्रांसाठीं मागितलीं. दहा दिवसांत सुमारें 20 किलो औषधें जमलीं.

परंतु औषध म्हणजे भाकर नव्हे. भाकर सर्वांस चालते. एकास तारणारी गोळी दुसऱ्यास मारूं शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1996 सालच्या नियमांत तर, रोग्याच्या घरून परत आलेलें औषध दान करूंच नये असें सांगितलें आहे. वैशाखांत पत्र्याखालीं तें किती तापलें, हें कोणास ठाऊक? मलाखी संदेष्ट्यानें आंधळें व लंगडें जनावर वेदीवर आणणाऱ्यांस दोष दिला. मुदत टळलेली गोळी गरिबास देणें हें त्याच जातीचें दान होय.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवितों. पहिली, औषध स्वतः शेजाऱ्यास देऊं नका. उपदेशक बंधूंनींहि वैद्य होऊं नये. न उघडलेलीं, नांव व मुदत स्पष्ट असलेलीं पाकिटें डॉक्टरास दाखवावीं. तो नाकारील तर राग मानूं नये. दुसरी, उघडलेलें पातळ औषध, डोळ्यांचे थेंब किंवा थंडाव्याबाहेर राहिलेलें इन्सुलिन कोणासहि देऊं नये. क्षयाच्या गोळ्या उरल्या असतील, तर रोग्यानें उपचार अर्धवट सोडला नाहीं ना, हें पाहावें. सोडला असल्यास त्यास हात धरून दवाखान्यांत परत नेणें हेंच खरें दान.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. शोमरोनी मनुष्यानें जवळचें तेल व द्राक्षारस जखमांवर ओतला, पण तेथेंच तो थांबला नाहीं. उतारशाळेच्या रक्षकास त्यानें रोख दोन नाणीं दिलीं, व अधिक लागेल तेंहि भरण्याचें वचन दिलें. डॉक्टर ऑर्फा स्पायकर यांनीं 1938 सालीं वाशीमास रुग्णालय सुरू केलें, तेव्हां उरलेला वेळ नव्हे, आयुष्याचीं पुष्कळ वर्षें दिलीं. मंडळींनो, त्या विधवेची महिन्याची नवी गोळी आपल्या पैशानें आणून देतां येईल काय? कोनाडा रिकामा झाला म्हणजे प्रीतीचें कर्ज फिटलें असें नाहीं. उरलेलें जपून ठेवण्यास ज्यानें शिकविलें, त्यानें स्वतः आपल्यासाठीं कांहींच राखून ठेविलें नव्हतें, हें आपण विसरूं नये.