दूध आईचं, वेळ कुणाचा?

दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, आईचं दूध अमृत. पहिले सहा महिने दुसरं काही देऊ नका, पाणीसुद्धा. शास्त्र म्हणून हे खरं आहे, त्याच्याशी भांडण नाही. भांडण एवढंच, की ही भिंत फक्त मायशी बोलते. मुकादमाशी बोलत नाही.

बीडकडची ऊसतोडीला गेलेली बाई बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली आणि खर्चूनही झालेली. अंधारात फड गाठायचा. तान्हं लुगड्याच्या झोळीत, नाहीतर बांधावर पाचटात. ते रडतं, हिची चोळी भिजते, पण डोक्यावरची मोळी ट्रकपर्यंत न्यावीच लागते. एक दिवस बसली की खाडा, आणि खाड्याचे पैसे तिच्याच अंगावर. अशा बाईला सांगायचं, बाई गं, लेकराला पाजणं तुझा धर्म आहे!

जे करायला सवडच ठेवली नाही, ते केलं नाही म्हणून तिलाच दोष द्यायचा, ही नीती की लबाडी? आपल्याला ही रीत जुनी माहीत आहे. पाणवठा बंद करायचा आणि वर म्हणायचं, हे लोक अंघोळ करत नाहीत.

मुंबईच्या गिरण्यांत बाया पोराला अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. त्यांना नावं ठेवणं सोपं होतं. बाबासाहेब 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती-भत्त्याच्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे. त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलावा, पण बाईच्या श्रमावर नफा काढणारा मालकही त्यातून सुटत नाही. 1929 साली कायदा झाला. मायेचा म्हणून समजला जाणारा प्रश्न त्यांनी मजुरीच्या हिशेबात मांडला.

पुढं 1961 च्या कायद्यानं कामावरच्या आईला पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या दिल्या, मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत. 1992 च्या कायद्यानं डब्याच्या दुधाच्या जाहिराती बंद केल्या. 2017 साली पगारी रजा 26 आठवडे झाली, 50 कामगार असतील तिथं पाळणाघर आलं. चांगलंच झालं. पण हे सारं हजेरीपटावर नाव असलेल्या बाईपर्यंत पोचतं. फडातल्या बाईचं नाव कुठल्या पटावर आहे? कारखाना म्हणतो, मुकादमाला विचारा. मुकादम म्हणतो, मी कुठला मालक? उचल वसूल करायच्या दिवशी मात्र मालक बरोबर सापडतो.

आणि आपण? आपल्या शिबिरात बाई मागं, दाराशी बसते. पोर रडलं की उठून बाहेर जाते, आपलं समतेवरचं भाषण चालूच राहतं. ताई, इथंच बसा, पाजा, चहाचं आम्ही बघतो, असं आपल्यातला किती जण म्हणतो?

दूध आईचं आहे. पाजायला लागणारा वेळ हे समाजाचं देणं आहे, मालकाचं, सरकारचं आणि घरातल्या बाप्याचंही. हे देणं वसूल करणं ही चळवळ आहे. ते फिटेपर्यंत अमृताच्या गोष्टी आमच्या मायला कुणी सांगू नयेत.