हौसेचं ओझं

नातवाला भरतीला जायचं होतं. बारावी झाली, पुढं बीएला नाव घातलं, पण चित्त सगळं भरतीत. पोलिसाची निघाली तर पोलिसाची, लष्कराची निघाली तर लष्कराची. आमच्या पाथरी तालुक्यात कोणत्याही गावच्या रस्त्यावर पहाटे पाचला जा, अंधारात दोन-चार पोरं पळताना दिसतातच. पोलिसाला 1600 मीटर पळायचं, 100 मीटर पळायचं आणि गोळा फेकायचा. गोळा 7 किलो 260 ग्रॅमचा. लष्कराला पळण्यासोबत बीम. आडव्या दांड्याला लोंबकळून हनुवटी वर न्यायची, तशी दहा वेळा नेली तर 40 गुण. नातू म्हणाला, "आबा, पळायला रस्ता हाय. बीमचं काय करू?" शहरातल्या अकादमीची फी विचारून आला होता. ती ऐकून त्याचा बाप गप्प बसला.

मी म्हणालो, गाडीचं लाकूड आहे की.

आमची बैलगाडी दहा-बारा वर्षांपासून सपरात पडून होती. ट्रॅक्टर आले, बैल गेले, गाडी राहिली. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. चाकं बाभळीची, लोखंडी धावा केव्हाच भंगारात गेलेल्या. पण बाभळीचं लाकूड ते बाभळीचंच. वरून करडं पडलेलं, रंधा मारला की आतून तांबूस निघालं. सुतार अण्णा आता ऐंशीला आले, त्यांना नुसतं बसायला बोलावलं होतं. त्यांनी बसल्या बसल्या सगळं मोडलं आणि सगळं लावलं. चाकाचे दोन तुंबे काढले. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला गोल ठोकळा, ज्यात आरे रोवतात. आसासाठी भोक आयतंच. तराजूत टाकला तर एकेक बारा-तेरा किलोचा भरला. मधून पहार घातली, दोन्हीकडं खुंट्या ठोकल्या, झालं वजन उचलायचं साहित्य. आरे गोल करून जोर काढायला हाताखाली धरायचे ठोकळे केले. चार फूट लांब, आठ इंच जाडीचा बाभळीचा ओंडका होता. तो तीस-बत्तीस किलोचा. खांद्यावर घेऊन बैठका मारायला तो.

बीमला खांब लिंबाचे. मागच्या वादळात बांधावरचा लिंब पडला होता, त्याचे अकरा फुटांचे दोन सरळ तुकडे निघाले. तीन फूट जमिनीत, आठ वर. इथं मात्र माझी फजिती झाली. आमची जमीन काळी, भारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात रोवलेली कोणतीही गोष्ट सरळ राहत नाही, हे जन्मभर कुंपणाचे डांब रोवलेल्या माणसाला कुणी सांगावं? तरी घाईत रोवले. मृगाचे दोन पाऊस झाले आणि दोन्ही खांब एकमेकांना नमस्कार करायला लागले. पुन्हा उकरलं. पार मुरूम लागेपर्यंत खाली गेलो, खालची टोकं जाळून काळी केली, वाळवी लागू नये म्हणून ट्रॅक्टरचं जुनं ऑइल फासलं, भोवती दगड आणि मुरूम ठोकून भरला. काळी माती आत जाऊ दिली नाही. आडवा दांडा पहिल्यांदा औताच्या दांडीचा केला. मुठीत यावा म्हणून अण्णांनी तासून बारीक केला. एक दिवस दोघं पोरं एकदम लोंबकळली आणि तो जुन्या खुंटीच्या भोकाजवळ मोडला. एकाचं कोपर सोललं. मग बोअरचा जुना पाइप टाकला. लाकडाचा हट्ट किती धरायचा.

हे सगळं मी हौसेनं करत होतो. गाव बघायला यायचं. मला बरं वाटायचं.

एका सकाळी रानात गेलो तर नातू जू मानेवर घेऊन बैठका मारत होता. गाडीचं जू. दोन्ही टोकांना खताच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून बांधलेली. मान खाली, गुडघे वाकलेले, घाम नाकावरून गळतोय. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. पोरगं घाबरलं. जू खाली ठेवून म्हणालं, "आबा, वजनच तर हाय. काहून चिडायलात?"

त्याला काय सांगावं? 1972 ला मी बारा वर्षांचा. दुष्काळात आमचा एक बैल विकला, एक दावणीला मेला. बाप खडी फोडायला जायचा, आम्हाला सुकडी मिळायची. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. कापूस उगवला आणि कापसापेक्षा तण जोरात. कोळपायला बैल नाहीत. गरिबाच्या घरी दोन जुवं कुठली, गाडीला तेच आणि औताला तेच. ते जू एका बाजूनं बापानं धरलं, एका बाजूनं चुलत्यानं. कोळप्याच्या मागं मी. मला वाटलं खेळच आहे. मी बैलाला करतात तसं "हो, हो" केलं. चुलता हसला. बाप हसला नाही. त्यानं मागं वळूनही बघितलं नाही. त्याच्या मानेवर उजव्या बाजूला जो वळ पडला तो पुढं कित्येक दिवस दिसत होता. आई त्याला तेल-हळद लावायची आणि आम्हाला बाहेर जा म्हणायची.

लाकूड तेच. मानही म्हटलं तर तीच, बापाची नातवाला आलेली. मग एकाला बघून रडू येतं आणि दुसऱ्याचा फोटो काढून ठेवतात, असं का? कितीतरी दिवस मी या एका गोष्टीवर घोटाळत होतो. खरं सांगायचं तर अजून घोटाळतोच आहे.

नातवानं मोबाइलवर शोधून मला एक गंमत वाचून दाखवली. शहरातल्या जिममध्ये लोक पैसे भरून ज्या पट्ट्यावर जागच्या जागी चालतात, त्याचा पणजोबा तुरुंगात जन्मला. इंग्लंडात 1818 च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरानं कैद्यांसाठी मोठं पायऱ्यांचं चाक केलं. कैद्यांनी तासन्‌तास त्यावर चढत राहायचं, कुठंच पोचायचं नाही. सक्तमजुरी ती. आपल्याकडं अंदमानच्या सेल्युलर जेलात कैद्यांना तेलाच्या कोलूला जुंपत, सावरकरांनाही जुंपलं होतं. बैलाचं काम माणसाकडून. म्हणजे जी शिक्षा म्हणून दिली तीच चाल आज लोक हौसेनं विकत घेतात. नातू हसला. मीही हसलो, पण मला त्यातून एक धागा सापडला. कैद्याला चाकावरून उतरता येत नव्हतं. माझ्या बापाला जू खाली ठेवता येत नव्हतं, ठेवलं असतं तर कापूस गेला असता. नातवाला ठेवता येतं. मी ओरडल्याबरोबर त्यानं ठेवलं की. ओझ्याचं वजन तराजू सांगतो, पण ते खाली ठेवायची मुभा आहे की नाही हे कोणता तराजू सांगणार?

एवढ्यावर माझं समाधान झालं असतं. पण तात्या आला.

तात्या आमच्याकडं वीस-बावीस वर्षं सालानं होता. घर वेशीबाहेर. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याच्यासारखी ताकद मी दुसऱ्या माणसात पाहिली नाही. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन तो गाडीच्या साट्यावर असा चढायचा की जणू जिना चढतोय. आता कमरेतून वाकलाय. काठी टेकत आला, तुंबे बघितले, बीम बघितला. नातू ओंडका घेऊन बैठका मारत होता ते बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "मालक, ह्याचे किती देतेत?"

मी म्हणालो, "कशाचे?"

"हे उचलायचे."

पोरं खो-खो हसली. तात्यानं विनोद केला नव्हता. वजन उचललं की पैसे, नाही उचललं की नाही, एवढाच त्याच्या जन्माचा हिशेब.

त्या रात्री मला गावची तालीम आठवली. मारुतीच्या देवळामागं होती, आता तिथं पाण्याची टाकी आहे. 1976-77 ला मी तिथं जायचो. व्यायामाचा आम्हाला केवढा अभिमान. वस्ताद सांगायचे, समर्थांचं जांब इथून किती लांब, त्यांनी गावोगाव मारुती बसवले ते कशासाठी? खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीला पदक आणलं ते लाल मातीच्या जोरावर. मल्लखांबाची गोष्टही तेच सांगत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्याला गेले, कुणी पुढं येईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर पुढं आले आणि त्यांनी मल्लखांब पुन्हा उभा केला. ही गोष्ट ऐकताना आम्हाला थोडं अवघडल्यासारखं व्हायचं, कारण निजामाकडचे म्हणजे आमच्याकडचेच की! आम्ही 1948 पर्यंत निजामातच होतो. पुढं वाचनात आलं की बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं लिहवलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या खांबाचा उल्लेख आहे. बडोद्याच्या मुजुमदारांनी तर व्यायामाचा दहा खंडांचा ज्ञानकोश केला. आणि आमच्याच तालुक्यात गोदावरीच्या काठी मुद्गल नावाचं गाव, पात्रात मुद्गलेश्वराचं देऊळ. मुद्गल ऋषींचं नाव ते, लाकडी मुद्गलाशी त्याचा संबंध नाही, पण आम्हा पोरांना वाटायचं की मुद्गल तिथंच घडवत असतील.

तर त्या तालमीच्या हौद्यातली माती दर वर्षी बदलायची. नवी माती चाळून त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळायची. माती आणायचा तात्या. डोक्यावर टोपलं, दिवसभर खेपा. हौद्याच्या काठापर्यंत आणून ओतायची. आत पाय ठेवायचा नाही. असं कुणी पाटी लावून लिहिलं नव्हतं, सांगायचीही गरज नव्हती. मग आम्ही लंगोट बांधून आत उतरायचो आणि अंगात ताकद यावी म्हणून त्या मातीच्या पाया पडायचो. तात्या बाहेर भिंतीला टेकून बघायचा. गावात सगळ्यात ताकदीचा माणूस बाहेर, आणि आम्ही आत. मला तेव्हा काही वाटलं नाही. वाईट नाही वाटलं, बरंही नाही वाटलं, काहीच नाही. आता ते काहीच न वाटणं जास्त टोचतं.

सकाळी तात्यानं माझं पोतं उचलायचं आणि संध्याकाळी मी तालमीत जाऊन वजन उचलायचं. माझं शेतातलं वजन त्याच्या पाठीवर होतं म्हणून तर माझी पाठ व्यायामाला मोकळी होती. आणि वरून मीच लोकांना सांगत आलो, मजुराला व्यायामाची गरज काय, त्याचा व्यायाम होतोच की! हे वाक्य मी पन्नास वेळा तरी बोललो असेन.

तात्याच्या नातवानं ते खोटं ठरवलं. तोही भरतीवाला. आई-बाप ऊसतोडीला जातात, हाही जातो. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारं पोरगं. माझा नातू म्हणाला, हा आला की आपली काय धडगत नाही. आला, उडी मारून बीम धरला आणि एकही पुलअप निघेना. दोन्ही हात थरथर कापायला लागले. शरमला. दोन दिवस आलाच नाही. मीच घरी जाऊन आणला. हिवाळाभर मोळ्या वाहून त्याची मान आणि कंबर दाबली गेली होती, अंग वरून खाली चेपलं जात होतं. वर ओढून घ्यायची सवय त्या अंगाला कुणी दिलीच नव्हती. कामानं अंगाचं जेवढं लागतं तेवढंच वापरलं, बाकीचं तसंच सोडलं, आणि जे वापरलं ते झिजवलं. तात्याची कंबर माझ्यासमोरच आहे. व्यायामात आज पाच तर आठवड्यानं सहा, दुखलं तर दोन दिवस विसावा. मुकादमाकडं असा विसावा चालत नाही.

मी त्याला खाली स्टूल दिलं. स्टुलावरून वर जायचं आणि हळूहळू खाली यायचं, एवढंच करायला लावलं. तीन आठवड्यांनी एक निघाला. त्या दिवशी तो जो हसला तसं हसू मी तात्याच्या तोंडावर कधी बघितल्याचं आठवत नाही. दसऱ्यापर्यंत सात झाले. माझ्या नातवाचे नऊ.

तात्याला मी तालमीचं बोललो. म्हणालो, तात्या, तेव्हा चुकलंच आमचं. त्यानं तंबाखू मळता मळता म्हटलं, "माती लई चांगली व्हती ती. नदीकाठची." पुढं काही बोलला नाही. माफ केलं असं मी त्यावरून समजायचं का? मला तसं समजायचा हक्क नाही असं वाटतं.

जुवाचं काय करायचं ते मात्र ठरलं नाही. अण्णा म्हणाले, मधून कापतो, दोन हलकी मुद्गलं होतील, तीन-तीन किलोची. तात्याही म्हणाला, "कापा की. ठिवून काय करायचंय त्याचं?" त्याला त्या लाकडाची माया असायचं कारण नाही. मला मात्र हात उचलेना. अजून सपरात खुंटीला टांगलंय.

दिवाळी झाली आणि तात्याचा नातू आई-बापासोबत तोडीला गेला. मी म्हणालो, राहा, जेवण आपल्याकडं कर. तो म्हणाला, "आबा, उचल घेतलीय." उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. ती फिटेपर्यंत मोळी खाली ठेवता येत नाही. नातवाची पहाटेची जोडी मोडली. अधूनमधून त्याचा फोन येतो. तिकडं कारखान्याच्या रस्त्याला एक आंब्याची फांदी बघून ठेवलीय, रात्री तिला लोंबकळतो म्हणतो. पाच निघतात, कधी चार. फोन ठेवायच्या आधी दर वेळी विचारतो, "आबा, खांब सरळ हायत ना?"

मी बॅटरी घेऊन बघून येतो आणि सांगतो.