हेतूची नोंद आणि विषाची नोंद

यवतमाळ जिल्ह्यातील कीटकनाशकांच्या विषबाधेची चर्चा २०१७ पासून हातमोजे आणि तोंडावरचा रुमाल यांच्यापाशी येऊन अडली आहे. त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालय गाठावे लागले, आणि ‘सुरक्षा साधने वापरली नाहीत’ हे कारण इतक्या तत्परतेने पुढे आले की दुसरे कारण शोधण्याची गरजच कोणाला भासू नये. कापसाचा, कर्जाचा आणि बीटी बियाण्याचा इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे. तो येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही.

साधनांविषयीचे हे मत सर्वस्वी खोटे नाही आणि त्यामुळेच ते अधिक दिशाभूल करते. कातडीवाटे शिरणारे विष मोज्यांनी अडते, हे खरेच. परंतु उघड्या हातांची फवारणी विदर्भात कित्येक दशके चालू आहे. मोनोक्रोटोफॉससारखे जहाल द्रव्य बाटलीच्या झाकणाने मापून, बादलीत काडीने ढवळून, याच हातांनी वापरले गेले आहे. जे कारण दरवर्षी हजर असते ते एका वर्षीच्या उद्रेकाचा उलगडा करू शकत नाही, एवढे साथरोगशास्त्राचे, म्हणजे आजार कोणाला, कुठे आणि केव्हा होतो याचा हिशेब मांडणाऱ्या शास्त्राचे, प्राथमिक तर्कशास्त्र आहे. त्या हंगामात कपाशी माणसाच्या डोक्याला लागेल एवढी वाढली होती, त्यामुळे फवाऱ्याची नळी वर धरावी लागे आणि तुषार चेहऱ्यावर उतरत. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानत नव्हती, म्हणून फवारे वाढले. आणि एकाच पंपात दोन-तीन द्रव्ये मिसळली जात होती. यांपैकी नेमके काय भोवले, याचे उत्तर मोज्यांपाशी नाही. ऑक्टोबरच्या उन्हात भरलेला पंप पाठीवर घेऊन रबरी मोजे, चष्मा आणि अंगभर झगा अशा वेशात ओल्या काळ्या रानात चालण्याची अपेक्षा ज्यांनी केली, त्यांनी ती तासभर स्वतः निभावून पाहिलेली नसावी. ज्या कीटकनाशकाला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी साधने लागतात ते उष्ण हवामानातील छोटे शेतकरी आणि मजूर यांच्या हाती देणे टाळावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची २०१३ ची आचारसंहिताच सांगते. मग जाब मजुराला विचारायचा की परवाना देणाऱ्याला? सगळे खापर कंपन्यांवर फोडणारे आणि सेंद्रिय शेतीत सगळी उत्तरे पाहणारे यांची मते या मानाने निरुपद्रवी आहेत.

मुळातली उणीव नोंदीत आहे. शरीरात विष गेले ते अपघाताने की इच्छेने, ही हेतूची नोंद. कोणते द्रव्य, किती आणि कशात मिसळून गेले, ही विषाची नोंद. पोलिसांचा पंचनामा, विम्याचा दावा आणि शेतकरी आत्महत्येचे प्रकरण मदतीसाठी ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवणारी महसुली चौकशी, या तिन्हींना मुख्यतः पहिली नोंद हवी असते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्तीसुद्धा मृत्यूचे बाह्य कारण नोंदवताना कीटकनाशकाच्या अपघाताला एक्स ४८, आत्मघाताला एक्स ६८ आणि हेतू न कळल्यास वाय १८ असा संकेतांक देते. हेतूला वेगवेगळे खाने आहेत, विषे मात्र सगळी एकाच पोत्यात. टी ६० हा संकेतांक रासायनिक गट थोडेफार पाडतो, पण द्रव्याच्या नावापर्यंत तोही पोचत नाही.

वैद्याला मात्र आधी दुसरीच नोंद लागते. मोनोक्रोटोफॉस हे ऑरगॅनोफॉस्फेट गटातले द्रव्य कोलिनेस्टरेज या विकराला, म्हणजे मज्जातंतूंचे संदेश वेळेवर थांबवणाऱ्या प्रथिनाला, निकामी करते आणि त्यावर अॅट्रोपिन चालते. डायफेन्थियुरॉन पेशींतील ऊर्जानिर्मितीच रोखते आणि त्याला नेमका उतारा नाही. कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी फार तर पहिल्या गटाकडे बोट दाखवते, द्रव्याचे नाव ती सांगत नाही. बोलीत तर कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. ‘औषध मारले’ म्हणजे फवारणी केली आणि ‘औषध घेतले’ म्हणजे जीव द्यायला निघाला. क्रियापदात हेतू कळतो, नामात विष हरवते. एका काळी ‘एंड्रिन’ हे एक नाव मराठीत रुळले होते खरे, पण तेही लवकरच कोणत्याही विषाचे सामान्यनाम होऊन बसले.

उत्तर आफ्रिकेतील इजिप्तचे उदाहरण येथे उपयोगी पडते. बिल्हार्झिया या कृमिरोगावर तेथे काही दशके सामूहिक इंजेक्शनांची मोहीम चालली. कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या वयाच्या लोकांना ती टोचली गेली याचा ताळा संशोधकांनी २००० साली मांडला, तेव्हा हेपॅटायटिस सीच्या प्रसाराचा माग पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांपर्यंत लागला. मोहिमेचा हेतू निर्विवाद चांगला होता आणि आजार समजून घेण्यात त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. श्रीलंकेने उलट बाजूने तेच दाखवले: १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉसवर बंदी आली, पुढे कोणत्या द्रव्याने दाखल झालेल्यांपैकी किती दगावतात हे रुग्णालयांतून मोजले गेले, २००८ पासून पॅराक्वाट, डायमेथोएट आणि फेन्थिऑन टप्प्याटप्प्याने हटवली गेली, आणि त्याआधीच, लोकांच्या मनात कोणी डोकावले नसतानाही आत्महत्यांचे प्रमाण १९९५ नंतरच्या दशकभरात जवळजवळ निम्म्यावर आले. भारतात मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघायला २०२३ उजाडले.

यवतमाळसाठी विषांची नावे ठळकपणे कागदावर आली, पण वेगळ्याच कागदावर. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्य शासनाने पश्चिम विदर्भात ६० दिवसांसाठी पाच उत्पादनांची विक्री थांबवली, आणि त्या आदेशात मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन, अॅसिफेट, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड ही नावे टक्केवारीसह होती. तोवर फवारणीचा भर ओसरत आला होता. तो आदेश विक्रेत्यांसाठी होता. रुग्णाच्या केसपेपरवर त्या पाच नावांसाठी वेगळा रकाना त्याने पाडला नाही.